जुईसोबत सिंगापुरात गरवताना

सिंगापूरहून परत येऊन तीन आठवडे झाले. शाळेच्या स्टाफरूममध्ये, मासळी बाजारात, दाढीच्या खुर्चीत, जिथे जाईन तिथे एकच प्रश्न: "काय सर, काय काय बघितलंत?" आणि मी खरं उत्तर दिलं की विचारणाऱ्याचा चेहरा पडतो. कारण तोंडातून पाणी सोडणारा तो प्रसिद्ध सिंह मी बसच्या खिडकीतून बघितला, तोही पाठमोरा. गगनचुंबी हॉटेलाच्या डोक्यावरचं तळं बघितलंच नाही. बारा दिवसांतल्या चार सकाळी मी समुद्रात शिरलेल्या एका काँक्रीटच्या जेटीवर उभा होतो, हातात तंगूस धरून.

तंगूस म्हणजे मासे धरायची नायलॉनची दोरी. वेंगुर्ल्यात हे सांगावं लागत नाही, पण घाटावरच्या वाचकांसाठी सांगतो. दोरीच्या टोकाला बांधायचा काटा म्हणजे गरी, आणि गरीने मासे धरणं म्हणजे गरवणं. आमच्याकडे मूल सात वर्षांचं झालं की त्याला खडपावर, म्हणजे समुद्रकाठच्या खडकांवर, नेऊन गरवायला शिकवतात. मला आप्पांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, तसंच नेलं होतं. माझी मुलगी जुई मार्चमध्ये सात वर्षांची झाली, पण ती वेंगुर्ल्यात नव्हती. माझी बायको अनघा सिंगापूरच्या विद्यापीठात दोन वर्षांसाठी संशोधन करते. आठ महिन्यांपूर्वी ती जुईला घेऊन गेली आणि मी इथे गणित शिकवत, आप्पांसोबत मागे राहिलो.

मे संपता संपता शाळेच्या सुट्टीत मी निघालो, तेव्हा आप्पांनी बाटलीला गुंडाळलेला तंगूस माझ्या हातात ठेवला. "पोरीक गरवूक शिकव," एवढंच म्हणाले. गऱ्या मी काड्यापेटीत घातल्या, काड्यापेटी मोज्यात, मोजा बुटात आणि बूट मोठ्या बॅगेच्या तळाशी.

चांगी विमानतळ

मी बाहेर आलो तेव्हा जुई अनघाच्या मागे लपलेली होती. मी गुडघ्यावर बसलो, हात पसरले. ती पळत येईल, गळ्यात पडेल, असं चित्र मी साडेपाच तास विमानात बसून रंगवलं होतं. ती दोन पावलं पुढे आली, माझ्याकडे नीट बघितलं आणि म्हणाली, "बाबा, युवर बॅग सो बिग लाह!" हे 'लाह' म्हणजे तिथल्या इंग्रजीचं शेपूट.

मग तिने माझा हात धरला, पण वाट दाखवायला धरतात तसा. सरकत्या जिन्यावर "बाबा, डावीकडे उभा राहा." ट्रेनमध्ये मी पाण्याची बाटली काढली तर तिने ती बंद करून परत बॅगेत ठेवली. "एमआरटीत खायचं नाही, प्यायचं पण नाही. फाइन." मी मराठीत विचारायचो, ती इंग्रजीत उत्तर द्यायची, आणि मध्येच "काय सांगू याला" अशा नजरेने आईकडे बघायची. वीस वर्षं मी मुलांना नियम शिकवत आलोय. त्या संध्याकाळी पहिल्यांदा मागच्या बाकावर बसलो.

खरा दणका रात्रीच्या जेवणात बसला. मी बॅगेतून मालवणी मसाला, कोकमाचं आगळ, कुळथाचं पीठ असा ऐवज टेबलावर मांडला आणि म्हटलं, "उद्या बाजारात जाऊन मासे आणतो."

अनघा माझ्याकडे बघून हलकेच मान हलवायला लागली. जुई म्हणाली, "मी मासे नाही खात."

"कधीपासून?"

"अक्वेरियमला गेलो ना, तेव्हापासून. दे हॅव फेसेस, बाबा."

शाळेची सहल मोठ्या मत्स्यालयात गेली होती. एक मोठा गोबरा मासा काचेपाशी येऊन तिच्याकडे बराच वेळ बघत राहिला, आणि तेव्हापासून घरात मासे बंद. हे सगळं ती मला चिकन नगेट खात खात समजावून सांगत होती.

"आणि कोंबडीला तोंड नसतं?"

तिने हातातला नगेट उलटसुलट करून बघितला. "ह्याला कुठेय?"

बुटातल्या मोज्यातली काड्यापेटी त्या रात्री बुटातच राहिली.

फ्लॅटमागचा कालवा

अनघाचा फ्लॅट क्लेमेंटीला, अकराव्या मजल्यावर. मागे काँक्रीटच्या काठांचा एक कालवा वाहतो. दुसऱ्या दिवशी जुई मला आजूबाजूचा परिसर दाखवायला घेऊन निघाली आणि पुलावरून मी खाली बघितलं, तर पाण्यात हातभर लांबीचे मासे! डझनभर! कुणी त्यांच्याकडे बघतसुद्धा नव्हतं. आमच्या ओहोळात असा एक जरी दिसला असता तरी अर्धा वाडा टॉवेल घेऊन पाण्यात उतरला असता. माझे हात शिवशिवायला लागले.

जुईने माझ्या तोंडाकडे बघितलं, मग शेजारच्या पाटीकडे बोट केलं. पाटीवर गळाला लागलेला मासा आणि त्यावर लाल काट.

"बाबा, डोन्ट ईव्हन थिंक."

"मी कुठे काय म्हटलं?"

"तुझा हात असा असा होत होता." तिने हवेत दोरी ओढल्याची नक्कल केली. अगदी बरोबर केली. म्हणजे आप्पांना आणि मला वेंगुर्ल्याच्या खडपावर बघितलेलं ती विसरली नव्हती.

तिथेच पुलावर बसून मी विषय काढला. म्हटलं, माझ्यासोबत गरवायला येशील का? परवानगी असेल तिथेच जाऊ.

"हंटिंग?" ती ओरडली. दोन सायकलवाले वळून बघायला लागले.

"हो. शिकारच म्हण."

"टीचर म्हणते हंटिंग इज बॅड."

मी म्हटलं, उगीच मारणं वाईटच. खाण्यापुरतं मारणं वेगळं. ती म्हणाली, सुपरमार्केटमध्ये मिळतं ना. मी म्हटलं, तेही कुणीतरी पकडलेलंच असतं, फक्त आपण बघत नाही. यावर तिने बराच विचार केला. मग करार सांगितला. ती येईल, पण दोरीला हात लावणार नाही. आणि ती काठावर उभी राहून माशांना सावध करेल.

"म्हणजे तू माझ्या बाजूची की माशांच्या?"

"माशांच्या," ती म्हणाली. "तुझ्याकडे हुक आहे. त्यांच्याकडे कोणीच नाही."

टेक्का बाजार

गरीला लावायला आमिष हवं, आणि ताज्या कोळंबीसारखं आमिष नाही. म्हणून आम्ही लिटिल इंडियातल्या टेक्का बाजारात गेलो. बाहेर मोगऱ्याचे गजरे, पितळेच्या समया, तमिळ गाण्यांचा दणदणाट. आत मात्र माझं घरच. ओली फरशी, बर्फ, सुऱ्यांचे आवाज आणि तो वास. जुई नाक दाबून उभी राहिली. मी मात्र आठ दिवसांनी घरी आल्यासारखा श्वास घेतला.

रबरी बूट घातलेल्या एका चिनी आंटीकडे मी मूठभर कोळंबी मागितली. ती निवडून निवडून मोठी घालायला लागली. "करी? ड्राय करी?"

"नो नो, फॉर फिश," मी म्हटलं.

तिचा हात थांबला. तिने पिशवी परत पाटीत ओतली आणि शेजारच्या गाळ्यावरच्या माणसाला चिनीत काहीतरी सांगितलं. तो मोठ्याने हसला. मग तिने खालच्या टोपलीतली बारीक, मऊ पडलेली कोळंबी काढली आणि माझ्यापुढे धरली. "गुड वन यू ईट. दिस वन फिश ईट." पैसे घेईना. उलट जुईकडे बघून म्हणाली, "युअर पापा व्हेरी फनी."

जुई पहिल्यांदा माझ्याकडे बघून खदाखदा हसली. ती पिशवी मी ढाल-तलवार मिळाल्यासारखी मिरवत घरी आणली.

जेटीवर, पहिली सकाळ

पहाटे उठून हिरव्या लाईनची ट्रेन धरली. पाया लेबारला गळ्यात ओळखपत्रं घातलेला ऑफिसचा सगळा जथा उतरून गेला आणि डब्यात उरलो आम्ही दोघं, एक बादली आणि कोळंबीचा मंद सुगंध. बेडोकला उतरून बस, मग ईस्ट कोस्टची लांबच लांब बाग, आणि बागेतून सरळ समुद्रात शिरलेली ती जेटी.

काय जागा होती! समोर क्षितिजभर मालवाहू जहाजं नांगरून उभी, जणू कुणी समुद्रावर नवं गाव वसवलंय. डोक्यावरून दर दोन-तीन मिनिटांनी एक विमान उतरायचं. आणि कठड्याला टेकून माणसंच माणसं: चिनी आजोबा, मलय जोडपी, सुट्टी मिळालेले बंगाली कामगार. सगळ्यांच्या हातात चकचकीत रॉड, चाकाच्या गाड्यांवर बर्फाच्या पेट्या, छत्र्या, खुर्च्या. मी खिशातून प्लास्टिकच्या बाटलीला गुंडाळलेला तंगूस काढला तेव्हा आसपासची कुजबुज थांबली.

शेजारी सत्तरीचे एक मलय गृहस्थ बसले होते. डोक्यावर जाळीची पांढरी टोपी, पायांत रबरी चपला. त्यांनी बाटली हातात घेतली, फिरवून बघितली. "नो रॉड, आह? माय फादर ऑल्सो लाइक दिस. काम्पोंग टाइम." काम्पोंग म्हणजे जुनं खेडं, हे जुईने मला कानात सांगितलं. त्यांचं नाव हसन. आयुष्यभर बस चालवून निवृत्त झालेले. जुई त्यांना लगेच "अंकल" म्हणायला लागली, आणि पुढच्या दिवसांत मीसुद्धा.

मी गरी लावली, शिसं बांधलं, दोरी डोक्यावरून गरगर फिरवून सोडली. आप्पांची शैली. गरी झकास उडाली, हवेत वळली आणि माझ्याच हाफ पँटच्या मागच्या बाजूला येऊन रुतली.

"बाबाने बाबाला पकडलं!" जुई नाचायला लागली. गरी काढायला मला कठड्याला धरून वाकावं लागलं आणि हसन अंकलना चष्मा लावावा लागला.

दुसऱ्या वेळी दोरी पाण्यात पडली. लगेच जुई कठड्याच्या खालच्या दांड्यावर उभी राहिली आणि दोन्ही हात तोंडाशी धरून ओरडली, "फिश! डोन्ट ईट! गॉट हुक! प्रॉन इज फेक!"

"फेक नाहीये," मी पुटपुटलो. पण जेटीवर हशा पिकला होता. एका चिनी आजोबांनी तिला विचारलं, त्यांच्या बाजूच्या माशांना पण सांगतेस का. ती म्हणाली, "वेट, वन बाय वन."

दोन तासांत मला मिळालं ते असं: एक प्लास्टिकची पिशवी, माझ्या आणि हसन अंकलच्या दोऱ्यांचा न सुटणारा गुंता, आणि शेवटी एक खराखुरा हिसका. मी ओढली दोरी. वर आला वीतभर लांबीचा, डोळे वटारलेला मासा, आणि जेटीला लागताच तो फुगायला लागला. फुगला, फुगला, लिंबाचा पेरू झाला, पेरूचा नारळ झाला, आणि दात विचकून गुरगुरला.

जुई किंचाळली. मग टाळ्या वाजवायला लागली. "बलून! बाबा, तो रागावलाय!"

"कॅनॉट ईट," हसन अंकल म्हणाले. "ईट, डाय."

मी जपून गरी सोडवली आणि चेंडू पाण्यात टाकला. तो थोडा वेळ तसाच फुगलेला तरंगला, मग फुस्स करून बुडाला. जुई हसून हसून खाली बसली. "अजून एक! बाबा, अजून एक पकड!"

"तू माशांच्या बाजूची ना?"

"हो," ती म्हणाली, "पण हा चालतो."

जेटीवर, दुसरी आणि तिसरी सकाळ

दुसऱ्या सकाळी अनघाही आली. ती प्रयोगशाळेत जिवाणूंना अंधारात चमकायला लावते. तासभर माझी रिकामी दोरी बघून म्हणाली, "विनू, माझे जिवाणू सुद्धा तुझ्यापेक्षा लवकर उत्तर देतात." मी तिला सांगितलं, गरवणाऱ्याला घाई नसते. तेवढ्यात हसन अंकलनी त्यांची दोरी वर घेतली. एकाच दोरीला सहा बारीक गऱ्या, प्रत्येकीला चमचमता कागद. त्याला तिकडे अपोलो म्हणतात. सहा गऱ्यांना पाच मासे! बांगड्याचे चुलतभाऊच, फक्त कडेला पिवळा पट्टा.

जुई धावत गेली. "अंकल, मी ओरडले होते! त्यांनी ऐकलं नाही?"

"दे हंग्री," अंकल म्हणाले. "यू हंग्री, यू लिसन टू मम्मी?"

ती बर्फाच्या पेटीपाशी उकिडवी बसून राहिली. अंकल प्रत्येक मासा काढून, झटकन मारून बर्फात ठेवत होते. ती बघत होती. मी तिला हाक मारली नाही.

न्याहारीची वेळ झाली तशी अंकलनी केळीच्या पानातली पुडी उघडली. नासी लमाक: नारळाच्या दुधात शिजवलेला भात, लाल झणझणीत सांबल चटणी, अर्धं उकडलेलं अंडं, भाजलेले दाणे आणि वर तळलेल्या मूठभर बारीक कुरकुरीत काड्या. अर्धी पुडी त्यांनी जुईपुढे सरकवली, कारण हा तिचा सर्वांत आवडता पदार्थ आहे हे तिने त्यांना आधीच सांगून ठेवलं होतं. जुई त्या काड्या आधी वेचून खायला लागली.

मी वाकून बघितलं. आमच्या मोतकांची, म्हणजे बोटभर सुक्या मासळीची, सख्खी भावंडं!

"जुई, हे काय खातेस?"

"इकान बिलिस."

"म्हणजे काय?"

"म्हणजे… क्रंची."

हसन अंकल हसले. "इकान मीन्स फिश, गर्ल."

जुईचा हात थांबला. तिने चिमटीतली काडी डोळ्यांजवळ नेली. बराच वेळ न्याहाळली. तिथे, टाचणीच्या टोकाएवढा का होईना, डोळा होता. तोंडही होतं. मला वाटलं, आता रडणार, आणि अंकलची पुडी, त्यांचा पाहुणचार, सगळंच ओशाळं होणार.

जुईने काडीकडे बघितलं, पानातल्या ढिगाकडे बघितलं, आणि मोठा उसासा टाकला.

"ऑलरेडी फ्राइड लाह," ती म्हणाली, आणि खाल्ली.

तिसऱ्या सकाळी पाऊस आला नि आम्ही बागेतल्या एका टपरीच्या छपराखाली उभे राहून बरबरीत अर्धकच्ची अंडी आणि खोबऱ्याचा जॅम लावलेला पाव खाऊन परत आलो. पण त्या दिवशी ट्रेनमध्ये ती माझ्या खांद्यावर डोकं ठेवून विचारत होती, मराठीत: "मासा लागला की बाबा, तुला कसं कळतं?"

जेटीवर, चौथी सकाळ

त्या दिवशी तिने कुणालाच सावध केलं नाही. मी दोरी सोडली तशी माझ्या शेजारी येऊन उभी राहिली आणि हात पुढे केला. मी तिच्या उजव्या हाताची तर्जनी धरली, तंगूस तिच्यावरून नेला, बाकीची दोरी तिच्या मुठीत दिली.

"आता बोटाने ऐकायचं," मी म्हटलं. "टिकटिक असं वाटलं तर लहान मासे आमिष कुरतडतायत. त्यांच्याकडे लक्ष द्यायचं नाही. एकदम खाली ओढल्यासारखं वाटलं की एक झटका द्यायचा आणि मग ओढत राहायचं. थांबायचं नाही."

"तू पण धरशील?"

"नाही. तू धरलीयस ना."

मग एक अजब गोष्ट झाली. माझी मुलगी, जी झोपेतसुद्धा बडबडते, ती अर्धा तास गप्प उभी राहिली. विमानं गेली, तिने वर बघितलं नाही. एक बोट भोंगा वाजवत गेली, तिने मान वळवली नाही. जिभेचं टोक ओठांच्या कोपऱ्यातून बाहेर आलेलं, डोळे पाण्यात, सगळा जीव एका बोटात. हसन अंकलही आपली दोरी विसरून तिच्याकडे बघत होते. एकदा ती कुजबुजली, "टिकटिक करतोय." मी मान हलवली.

आणि मग तिचा हात कठड्यावर आपटला.

"बाबा! बाबा, लागलो! मासो लागलो रे!"

आठ महिन्यांत माझ्या कानावर तिची मालवणी पडली नव्हती. मला क्षणभर मासा दिसेना, समुद्र दिसेना. "ओढ गो ओढ!" मी ओरडलो.

"ओढतंय! लय जड आसा! बाबा, तो माका ओढता!"

"सोड नको!"

ती दोन्ही हातांनी ओढत होती, हातावर हात, पाय कठड्याला रोवून. दोरी इकडून तिकडे पाण्याला चिरत होती. माझे हात पुढे जात होते आणि मी ते मागे घेत होतो. शेवटी मी ते स्वतःच्या पाठीमागे बांधून ठेवले. आजूबाजूच्या लोकांनी आपापल्या दोऱ्या वर घेतल्या, गुंता होऊ नये म्हणून. कुणीतरी "स्लो, गर्ल, स्लो!" म्हणत होतं, कुणीतरी "फास्ट, फास्ट!" बंगाली पोरं तर क्रिकेटच्या सामन्यात असल्यासारखी ओरडत होती. पाण्याखाली तांबूस काहीतरी चमकलं.

"जेटी उंच आहे, तुटेल," मी म्हटलं. पण हसन अंकलनी तोवर दोरीला बांधलेली गोल जाळी खाली सोडली होती. पहिल्यांदा मासा जाळीच्या कडेवरून घसरला, सगळी जेटी "आआह" म्हणाली. दुसऱ्यांदा आत आला. वर घेतला तेव्हा मी बघितलं आणि मोठ्याने हसलो. तांबोशी! माझ्या कोपरापासून मनगटापर्यंत लांब, गुलाबी-सोनेरी, खवल्यांवर ऊन घेऊन आलेली. जवळजवळ चार हजार किलोमीटर उडत जाऊन आमच्या पोरीने आमच्याच खडपावरचा मासा धरला होता!

लोकांनी टाळ्या वाजवल्या. जुई उड्या मारत होती, अंकलच्या हाताला लोंबकळत होती, माझ्या पोटाला डोकं आपटत होती. मग तिने खाली बघितलं.

तांबोशी काँक्रीटवर तडफडत होती. कल्ले उघडत, मिटत होते.

जुईच्या उड्या थांबल्या. टाळ्याही हळूहळू थांबल्या. मी तिच्या शेजारी गुडघ्यावर बसलो. सातव्या वर्षी आप्पांनी मला जे सांगितलं होतं तेच माझ्याकडे सांगण्यासारखं होतं. "खावचो आसात तर मार, नायतर सोडून दी. तडफडत ठेव नको." मी तिला म्हटलं, "तुझा मासा आहे. सोडायचा असेल तर आत्ता पाण्यात सोडू, जगेल. खायचा असेल तर लगेच मारायचा. काय ते तू सांग."

"दुखेल त्याला?"

मला खोटं बोलता आलं असतं. "दुखेल," मी म्हटलं. "पटकन केलं तर थोडंसंच."

तिने माशाकडे बघितलं. मीही बघितलं. खरं सांगतो, मला वाटलं ती सोड म्हणेल, आणि मी मनातल्या मनात त्याची तयारीही केली होती. सोडून देणारी मुलगी काही वाईट नव्हे.

"सॉरी हां," ती माशाला म्हणाली. मग माझ्याकडे वळली. "तू मार. मी बघणार."

"बघायला नको. डोळे मिट."

"नाही. मीच पकडलाय ना."

हसन अंकलनी आपली सुरी पुढे केली. डोक्यामागे एक घाव, आणि तांबोशी शांत झाली. जुईचे ओठ घट्ट मिटलेले होते, पण डोळे उघडे. मग तिने एक बोट लावून बघितलं, आणि माझा हात धरला. वाट दाखवायला नव्हे.

अकरावा मजला

परत येताना बादलीवर तिने आपला रेनकोट झाकला होता आणि ट्रेनमधल्या प्रत्येकाला तो थोडासा उघडून दाखवत होती. एका अनोळखी आजींना तिने वजनही सांगितलं, जे दर स्टेशनाला वाढत होतं.

मासा साफ करताना ती ओट्यापाशी स्टुलावर उभी होती. पोटातून काय काय निघतं ते सगळं तिला बघायचं होतं, आणि अनघा तिला एकेक अवयवाचं नाव सांगत होती. डोकं आणि शेपटी कालवणात, मधल्या तुकड्या तळायला. टेक्काजवळच्या दुकानातून नारळ आणलेलाच होता. कालवणात टाकायला तिरफळं नव्हती, म्हणून मी हळहळत होतो, अनघा म्हणाली, "हसन अंकलना विचारलं असतंस तर त्यांनी पेटीतून काढली असती." तुकड्यांना आगळ-मसाला जुईने स्वतः चोळला, तळहात लाल होईपर्यंत. रव्यात घोळवून तव्यावर टाकल्या आणि जो वास सुटला, त्याने समोरच्या फ्लॅटमधल्या तमिळ बाई दार उघडून "व्हॉट आर यू कुकिंग?" विचारायला आल्या.

टेबलावर बसलो. तिच्या ताटात एक तुकडी वाढली आणि मी तिच्याकडे बघायचं नाही असं ठरवून स्वतःच्या ताटात बघत राहिलो. अनघाचंही तेच चाललं होतं. जुई म्हणाली, "आधी बाबा." तिने एक मोठा घास तोडला, फुंकर मारली, आणि माझ्या तोंडात कोंबला.

मी इतका हरखलो की चावायचं विसरलो. गिळला. आणि काटा घशात!

बेचाळीस वर्षं मासे खाल्लेला माणूस मी. एका घासात सौंदाळ्यासारख्या काटेरी माशाचे काटे जिभेने वेगळे करतो. मी खोकायला लागलो, डोळ्यांतून पाणी यायला लागलं. अनघा पाठीवर थापट्या मारत होती आणि हसूही आवरत नव्हतं तिला. मी बोलायचा प्रयत्न केला तर जुई माझ्या खुर्चीवर चढली.

"बाबा, डोन्ट टॉक लाह! भात गिळ. चावू नको, सरळ गिळ!" तिने सुक्या भाताचा लिंबाएवढा गोळा केला आणि माझ्यापुढे धरला. "आजोबा असंच करतात. अजून एक. अजून एक!"

तिसऱ्या गोळ्याला काटा खाली गेला. मी डोळे पुसले, पाणी प्यायलो, अनघा खुर्चीत मागे रेलून खो खो हसत होती. मी म्हटलं, आता निवांत जेवू या, आणि तुकड्यांच्या ताटलीकडे हात नेला.

ताटली रिकामी होती. मी डोळे पुसण्यात आणि अनघा हसण्यात गुंतलेली असताना, तेवढ्यात माझी मुलगी तिचं, अनघाचं आणि माझं, तिन्ही वाटे संपवून बसली होती. तिच्या ताटाच्या कडेला काटे एका ओळीत नीट लावलेले होते, आणि ती कालवणातलं डोकं पळीने आपल्याकडे ओढत होती.